उर्मियाची बातमी आली नाही: मराठी क्रीडा-संपादकांस अनावृत पत्र

मराठी दैनिकांच्या क्रीडा-विभागांचे सर्व संपादक यांस,



पत्रास कारण की, जन्मभर ज्याने आपल्या दैनिकांतील शेवटून दुसरे पान आधी उघडले आणि अग्रलेख मागाहून वाचला, अशा एका वाचकाची फिर्याद आपल्या दप्तरी रीतसर दाखल व्हावी अशी माझी इच्छा आहे. मी तालुक्याच्या कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे अर्जात मागणी कोणती, तिला आधार कोणता आणि दाद कोणाकडे मागावयाची, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात हे मला सवयीने ठाऊक आहे. दाद आपणांकडेच मागावयाची आहे, कारण ज्याविषयी मी लिहीत आहे ते करणे अथवा न करणे सर्वस्वी आपल्या अखत्यारीतले आहे. त्याला सरकारचा हुकूम लागत नाही की अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. विषय आहे पुरुषांच्या आशियाई व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा.

मजपाशी एक वही आहे. वडिलांच्या किराणा दुकानातील कोरी राहिलेली खतावणी ती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. १९७५ साली मेलबर्न येथे ही स्पर्धा प्रथम भरली आणि जपानने ती जिंकली, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्गात होतो. त्या विजयाची बातमी कात्रीने कापून मी खळीने त्या खतावणीत चिकटविली, आणि तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेला निदान एक पान द्यावयाचे हा शिरस्ता आजपर्यंत मोडलेला नाही. प्रारंभी ही स्पर्धा चार वर्षांनी होई, १९८७ च्या कुवेतनंतर ती दोन वर्षांनी होऊ लागली, आणि २०२३ अखेर तिचे बावीस प्रसंग झाले. त्या बावीस प्रसंगांवरून बोट फिरविले की एका खंडाचे जवळजवळ अर्धशतक नजरेखालून जाते: जपान दहा वेळा, दक्षिण कोरिया चार वेळा, इराण चार वेळा, चीन तीन वेळा, आणि भूगोलाच्या पुस्तकात वेगळा खंड असूनही व्हॉलीबॉलच्या कारभारात जो आशियात मोडतो तो ऑस्ट्रेलिया, २००७ साली जकार्त्यात, एकदाच. भारताचे नाव या यादीत नाही. त्याची सर्वांत वरची जागा २००५ सालच्या थायलंडमधील स्पर्धेत मिळालेली, चौथी.

परंतु ही पाने उलटीत असता आणखी एक गोष्ट दिसते, आणि तीच या पत्राचे मूळ आहे. आरंभीच्या पानांवर आपल्या दैनिकांची कात्रणे आहेत. ती लहान असली तरी त्यांत खेळाडूंची नावे आहेत, सेटचे गुण आहेत, क्वचित एखाद्या रसिक बातमीदाराने घातलेले एखादे विशेषणही आहे. मधल्या पानांवर ती आखडत आखडत बोटभर होतात. आणि अलीकडील कित्येक पानांवर कात्रणच नाही. तेथे नातवाने आपल्या फोनवर पाहून मला सांगितलेले आकडे माझ्याच हस्ताक्षरात उतरविलेले आहेत. ज्या भाषेत मी विचार करतो त्या भाषेत ती घटना कोणी मला सांगितली नाही, म्हणून मला ती परभाषेतून, दुसऱ्याच्या डोळ्यांनी, मिळवावी लागली, याचे दुःख आपणांस कळावे.

ऑगस्ट २०२३ ची गोष्ट घ्यावी. इराणच्या वायव्येस, एका खाऱ्या सरोवराच्या पश्चिमेला, त्या सरोवराचेच नाव धारण करणारे उर्मिया शहर आहे. तेथे ही स्पर्धा भरली होती. यजमान इराण लागोपाठ दोन स्पर्धांचा विजेता होता, आणि त्यांपैकी दुसरी, २०२१ सालची, त्याने जपानच्या भूमीवर, जपानलाच तीन सरळ सेटमध्ये नमवून जिंकलेली होती. दोन वर्षांनी जपानचा संघ उर्मियाला आला आणि इराणी प्रेक्षकांच्या देखत त्याने अंतिम सामना तितक्याच सरळपणे, तीन विरुद्ध शून्य असा जिंकला. दोन संघांनी एकमेकांच्या घरी जाऊन एकमेकांना अंतिम सामन्यात नमवावे, याहून अधिक नाट्य कोणत्या खेळात असते ते आपणच सांगावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घेतो त्या दैनिकाचे पान मी दोनदा वाचले, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले. बातमी नव्हती.

मी अन्यायाने बोलू इच्छीत नाही. त्या आठवड्यात चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, प्रज्ञानंद बाकू येथे बुद्धिबळाच्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला, आणि लगोलग नीरज चोप्राने बुडापेस्टमध्ये भालाफेकीचे जगज्जेतेपद मिळविले. या घटनांना आपण जी पाने दिली ती त्यांच्या योग्यतेचीच होती, आणि त्यांतील एक ओळही उणी करावी असे मी म्हणणार नाही. तथापि त्याच दिवसांत, अजून सुरूदेखील न झालेल्या क्रिकेटच्या आशिया चषकात आपला चौथ्या क्रमांकाचा फलंदाज कोण असावा, यावर त्याच दैनिकात प्रत्यही अर्धे पान खर्ची पडत होते. झालेल्या गोष्टीला आठ ओळी नाहीत आणि न झालेल्या गोष्टीच्या तर्काला अर्धे पान, हा हिशेब कोणत्याही खतावणीत जुळावयाचा नाही. मी त्या कचेरीस दूरध्वनी केला. पलीकडे बोलणारा तरुण अत्यंत सालस होता. तो म्हणाला, “काका, एजन्सीकडून आली असती तर लावली असती हो. आम्हांला ती स्पर्धा चालू आहे हेच माहीत नव्हतं.” त्याच्यावर माझा राग नाही, त्याला ते माहीत असावे अशी व्यवस्था करणे हे ज्यांचे काम, त्यांना उद्देशून हे पत्र आहे. माझी पहिली मागणी एवढीच की, आशियाई स्पर्धा चालू असेल त्या आठ-दहा दिवसांत दररोज आठ ओळींची जागा तिच्यासाठी राखून ठेवावी आणि ती एजन्सीच्या मर्जीवर सोडू नये.

त्या आठ ओळींत काय असावे, ही दुसरी मागणी. व्हॉलीबॉलच्या सामन्याचा निकाल “तीन-दोन” असा छापणे म्हणजे खटल्याचा निकाल छापून फिर्याद, जबान्या आणि पुरावा गाळून टाकण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत आपल्या संघाने दक्षिण कोरियाला हरविले; मागील आशियाई क्रीडास्पर्धांचा उपविजेता असलेला हा संघ, ज्याच्यापुढे आपण वर्षानुवर्षे मान खाली घालून परत येत होतो. याचे वृत्त आपल्यापैकी बहुतेकांनी दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु माझ्या दैनिकात “भारताची कोरियावर ३-२ ने मात” यापलीकडे काही नव्हते. सेटचे गुण असे होते: २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५. आता आपण कागद-पेन्सिल घेऊन यांची बेरीज करावी. भारताचे गुण एकशे सोळा होतात, आणि कोरियाचेही एकशे सोळाच होतात. पाच सेट खेळून दोन्ही संघांनी एकूण गुण समसमान मिळविले, आणि तरीही एक संघ जिंकला व दुसरा हरला, कारण दुसऱ्या सेटच्या अखेरीस आणि पाचव्या सेटच्या अखेरीस जे गुण मिळवावयास हवे होते ते नेमके त्या क्षणी आपल्या पोरांनी मिळविले. पाचवा सेट पंधरावर संपतो, पण दोन गुणांचे अंतर पडल्याखेरीज तो संपत नाही, म्हणून तो सतरापर्यंत गेला. ही सगळी हकीकत त्या दहा आकड्यांत आहे, आणि ते दहा आकडे छापावयास एक ओळ लागते. ती ओळ गाळून आपण वाचकाच्या हाती सामन्याचे टरफल दिलेत.

आणि त्या ओळीखाली चेंडू उचलून देणाऱ्याचे नाव असावे, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चेंडू आपल्या अंगणात आला की तीन स्पर्शांत तो परत गेला पाहिजे. पहिला स्पर्श वाचविणाऱ्याचा, तिसरा मारणाऱ्याचा. आणि मधला त्याचा, ज्याला आमच्या पटांगणावर लिफ्टर म्हणत. मारणारा सर्वांना दिसतो, कारण तो जाळीच्या वर असतो आणि आवाज त्याच्या हाताचा होतो. परंतु चेंडू कोणी मारावा, कोठून मारावा, उंच घेऊन मारावा की जाळीच्या काठाशी निमिषार्धात मारावा, याचा निर्णय लिफ्टर करतो, आणि तो निर्णय त्याला चेंडू बोटांना लागण्यापूर्वीच करावा लागतो. ज्या जपानी संघाने १९६४ साली ऑलिंपिकचे कांस्य, आणि मात्सुदाईरा या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९६८ साली रौप्य व १९७२ साली म्युनिक येथे सुवर्ण मिळविले, त्या संघाने या मधल्या स्पर्शाचे शास्त्र बनविले. उंचीत युरोपच्या संघांना गाठता येत नाही हे ओळखून त्यांनी वेळेचा उपयोग केला: एक गडी आधी उडी घेतो, समोरच्या बचावफळीला आपल्याबरोबर वर नेतो, आणि ती फळी खाली उतरत असता दुसरा मागून येऊन मोकळ्या जाळीवरून मारतो. हे घडवून आणणाऱ्या लिफ्टरचे नाव कात्सुतोशी नेकोदा. म्युनिकच्या उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध पहिले दोन सेट गमावून जपानने पुढचे तीन घेतले. हा नेकोदा चाळिशीही न गाठता कर्करोगाने वारला. माझ्या पिढीतील लिफ्टरांना त्याचे नाव एखाद्या गुरूच्या नावासारखे होते, आणि ते आम्हांला एका मराठी बातमीदाराने सांगितलेले होते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

उर्मियाचे माहात्म्य या मधल्या स्पर्शातच आहे. इराणचा दीर्घकाळचा कर्णधार आणि लिफ्टर सईद मारूफ हा त्या शहरात जन्मला. म्हणून तेथील स्पर्धेचे वृत्त देताना एखाद्याने एवढेच लिहिले असते की, ज्या गावाने इराणला त्याचा सर्वश्रेष्ठ लिफ्टर दिला त्या गावात इराण हरला, तर त्या एका वाक्याने सबंध सामना वाचकापुढे उभा राहिला असता.

आता मी माझ्या तक्रारीच्या गाभ्याकडे येतो. वहीतील दोन पाने मी वारंवार उघडतो. एक २००३ सालचे. त्या वर्षी थायलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात भारताची मुले खेळली; ती ब्राझीलशी हरली आणि जगात दुसरी आली. पुन्हा वाचावे: आशियात दुसरी असे मी लिहिलेले नाही, जगात दुसरी असे लिहिले आहे. दुसरे पान २००९ चे. एकवीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा त्या वर्षी आपल्या पुण्यात, बालेवाडीस भरली. आम्ही चौघे जुने खेळाडू एस.टी.ने गेलो, एका नातेवाइकाच्या घरी पथारी टाकली, आणि घशाला कोरड पडेपर्यंत ओरडलो. भारत चौथा आला. परतीच्या गाडीत आमच्यातील एकजण, जो आयुष्यभर शाळेत ड्रिल-मास्तर होता, खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “ही पोरं मोठी झाली की बघ.” त्या वाक्यावर आम्ही चौघांनी किती वर्षे काढली!

त्याच काळात इराणात काय चालले होते ते पाहावे. १९७५ पासून २००५ पर्यंतच्या तीस वर्षांत इराणने ही आशियाई स्पर्धा एकदाही जिंकली नव्हती. २००७ साली त्याच्या मुलांनी एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा जिंकली. म्हणजे ज्या पायरीच्या एक पायरी खाली आपली मुले चार वर्षांपूर्वी उभी होती, त्या पायरीवर इराणची मुले उभी राहिली. तेथून पुढे मात्र दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या. इराणने आपली मुले सांभाळली, त्यांना स्वतःच्या साखळी स्पर्धेत वर्षभर खेळविले, आणि इटलीला १९९० व १९९४ अशी लागोपाठ दोन जागतिक अजिंक्यपदे मिळवून देणारा आर्जेन्टिनी प्रशिक्षक हुलिओ वेलास्को २०११ साली आणून त्यांच्या हाती दिला. त्याच वर्षी तेहरानमध्ये इराण प्रथमच आशियाचा अजिंक्यवीर झाला. २०१३ साली दुबईत पुन्हा झाला. २०१४ साली जागतिक लीगच्या फ्लॉरेन्स येथील अंतिम फेरीत चौथा आला, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरून पाचवा ठरला.

आणि आपली २००३ ची मुले? २००९ ची मुले? हा प्रश्न विचारावयास आपल्यापैकी कोणी कधी गेला काय? वयात आल्यावर त्यांतील किती खेळाडू राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले, किती रेल्वेत, सैन्यात अथवा पोलिसांत नोकरीला लागून तेवढ्यावरच थांबले, कोणाचा गुडघा गेला आणि त्या गुडघ्याचा खर्च कोणी केला, वर्षातून त्यांना किती दिवस सराव मिळाला, परदेशी संघांशी किती सामने मिळाले. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला आपल्या पानांत मिळालेले नाही. महसूल खात्यात एखादे जुने प्रकरण पुढे सरकेनासे झाले की पहिला प्रश्न असतो, कागद शेवटचा कोणाच्या टेबलावर होता? त्या प्रश्नाने निम्मी प्रकरणे हलतात, कारण कोणीतरी विचारणारा आहे हे टेबलाला कळते. भारतीय व्हॉलीबॉलमध्ये तो प्रश्न विचारणारे आपण असावयास हवे होते. आपण विचारला नाहीत, म्हणून कोणालाच उत्तर द्यावे लागले नाही. पराभव सर्वच देशांच्या वाट्यास येतात. ज्या देशात पराभवाचा जाब विचारला जातो तेथे त्याची कारणे तरी कागदावर उरतात. माझी तिसरी मागणी, आणि हीच सर्वांत मोठी, म्हणून अशी की आपल्यापैकी एकाने तरी एक बातमीदार एक महिना या प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या कामी लावावा.

आपल्या राष्ट्रीय महासंघातील भांडणांविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्यांनी आमचे आयुष्य पुरेसे नासविले आहे. २०१६ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या महासंघास निलंबित केले, त्या वेळी गट कोणते आणि मुद्दा कोणता याची एक सुसंगत हकीकत मराठीत मला वाचावयास मिळाली नाही. मिळाल्या त्या तीन-चार परस्परविरोधी टिपण्या. असो.

“वाचक मागत नाहीत” हे उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्याचा विचार मी प्रामाणिकपणे केलेला आहे. १८९५ साली अमेरिकेतील होल्योक या गावी मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने हा खेळ काढला हे खरे. परंतु तो आशियात इतक्या लवकर आला आणि इतका मुरला, की त्याला परका म्हणणे आता अशक्य आहे. १९१० च्या सुमारास वाय.एम.सी.ए.च्या लोकांनी तो फिलिपाइन्समध्ये नेला; १९१३ साली मनिला येथे अतिपूर्वेच्या देशांच्या स्पर्धांत तो खेळला गेला तेव्हा एका बाजूस सोळा गडी असत, पुढे ते कमी होत होत नऊ झाले, आणि सहा गड्यांचा आंतरराष्ट्रीय नियम सर्वमान्य होण्यापूर्वी अनेक दशके आशिया नऊ गड्यांनी खेळत होता. जागा थोडी, माणसे पुष्कळ आणि साहित्य जवळजवळ काहीच नाही, या आशियाई परिस्थितीला हा खेळ जणू मापून शिवलेला आहे. आपल्या खेड्यांतून दोन खांब, एक जाळी, फक्कीच्या रेघा आणि सायंकाळचा तास एवढ्या भांडवलावर तो चालतो. मास्तर, तलाठी, एस.टी.चा कंडक्टर, शेतावरून परतलेला पोर, असे सगळे एका बाजूस उभे राहतात, आणि जेथे तो नाही तेथे त्याचा देशी भाऊ शूटिंगबॉल आहे. या लोकांच्या घरी आपले दैनिक जाते. ते मागत नाहीत, कारण मागून मिळते अशी त्यांना कधी सवय लागलेली नाही.

जपानात मागणी कशी निर्माण झाली हे आपणांस सांगितले पाहिजे. म्युनिक ऑलिंपिकच्या आधी, त्याच वर्षी, त्या संघावर एक मालिका तेथील दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास दाखविली जात होती. तीत खेळाडूंची जीवने चित्रकथेच्या रूपाने सांगितली होती. सुवर्णपदक मिळाल्यानंतर ती काढलेली नव्हती, तर मिळण्यापूर्वी, मिळेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसताना. राष्ट्राने त्या खेळाडूंना नावानिशी ओळखावे म्हणून कोणीतरी आधी त्यांची नावे उच्चारली.

आपणही एके काळी ती उच्चारीत होतात. १९५८ साली तोक्योच्या आशियाई क्रीडास्पर्धांत आपण कांस्य मिळविले आणि १९६२ साली जकार्त्यात रौप्य, हे मला माझ्या जन्मानंतरच्या त्या पहिल्या वर्षांतील असूनही ठाऊक आहे, कारण मोठ्या माणसांनी ते आपल्याच पानांत वाचून मला सांगितले. १९८६ साली सोलमध्ये जपानला हरवून आपण पुन्हा कांस्य घेतले, तेव्हाचे कात्रण माझ्या वहीत दोन पाने व्यापते. त्यात जिमी जॉर्जच्या उडीचे वर्णन आहे: केरळातील पेरावूरचा हा मुलगा हवेत कसा थांबत असे, आणि समोरचा बचाव खाली उतरल्यावर मग कसा मारीत असे. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी, वयाची अवघी बत्तीस वर्षे झालेली असता, तो इटलीत मोटारीच्या अपघातात गेला. ती बातमी आमच्या तालुक्यास आपल्या दैनिकाने पोहोचविली. त्या सायंकाळी कचेरीमागच्या मैदानावर आम्ही जाळी बांधली, पण कोणी सर्व्हिस करीना. शेवटी शिपायाने जाळी सोडून घडी केली आणि सगळे घरी गेले. ज्या माणसाला आमच्यापैकी एकानेही प्रत्यक्ष पाहिले नव्हते, त्याच्यासाठी बारा माणसे न बोलता घरी जातात, हे सामर्थ्य आपल्या लेखणीचे होते. ते आपण टाकून दिलेत याचा मला विषाद वाटतो.

आणखी दोन लहान गोष्टी. २०१४ साली तेहरानमध्ये पुरुषांचा व्हॉलीबॉल सामना पाहावयास गेलेल्या एका तरुणीस पकडून कित्येक महिने तुरुंगात ठेवण्यात आले, कारण स्त्रियांना त्या सभागृहात मज्जाव होता. हे वृत्त आपल्या परराष्ट्र-पृष्ठांवर आले, परंतु क्रीडा-पृष्ठावर, जेथे इराणच्या विजयांचे कौतुक यावयास हवे तेथेच, त्याच्या शेजारी ते आले नाही. खेळाच्या प्रेक्षकालाच खेळ पाहण्याचा अधिकार नसणे हा क्रीडेचा विषय आहे. दुसरी गोष्ट, डिसेंबर २०२३ मध्ये पुरुषांच्या क्लबांची जागतिक स्पर्धा बंगळुरूस झाली आणि इटलीचा पेरुजा संघ ती जिंकला. कोल्हापुराहून रात्रीच्या गाडीने निघालेला मनुष्य सकाळी त्या शहरात पोहोचतो. जगातील उत्तमोत्तम व्हॉलीबॉल एका रात्रीच्या अंतरावर आलेले असता, माझ्या दैनिकाचा एकही माणूस तेथे गेला नाही. मी गेलो, आणि माझ्या शेजारी बसलेल्या कानडी बातमीदाराने मला विचारले की महाराष्ट्रातून कोण आले आहे. त्यास मी काय उत्तर द्यावे?

शेवटी वहीविषयी. २००३ च्या पानावर त्या संघातील मुलांची नावे मी उतरवून ठेवली आहेत. आज ती माणसे चाळिशीच्या आसपास पोहोचलेली असतील. जो बातमीदार ते काम अंगावर घेईल त्यास ती यादी, आणि हवी तर सबंध खतावणी, मी पाहावयास देईन. टपालाने पाठविण्याचे मला धैर्य होत नाही, कारण पाने सुटी झाली आहेत; म्हणून त्याने प्रत्यक्ष यावे ही विनंती. दर सोमवारी येथे आठवड्याचा बाजार असतो आणि स्टँडवर फार गर्दी होते, तेवढा वार टाळावा. इतर कोणत्याही दिवशी दुपारी तीननंतर मी घरीच असतो. पाचनंतर आलात तर मैदानावर चौकशी करावी, तेथे हल्ली मी मुलांना दुसरा स्पर्श शिकवितो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून